अणू नष्टच होत नाहीत, तर तांबं किंवा फॉस्फरस ‘संपेल’ असं का म्हणतात?

तुमची शंका रास्त आहे. एकीकडे द्रव्य अक्षय्यतेचा नियम शिकवायचा आणि दुसरीकडे खनिजं संपत चालली म्हणायचं, तर कोणीही गोंधळेल. अणू जागेवरच आहेत. संपतो तो त्यांचा एका ठिकाणी झालेला साठा.

पृथ्वीच्या कवचात तांब्याचं सरासरी प्रमाण दहा लाख भागांत ५०-६० भाग इतकं आहे. ज्या दगडासाठी खाण खणतात त्यात ते अर्धा-एक टक्का असतं, म्हणजे शंभर पट किंवा त्याहूनही जास्त. एवढं तांबं गोळा केलं जमिनीखालच्या गरम खारट पाण्यानं. खडकातून ते विरघळवून आणलं आणि भेगांमध्ये सल्फाइडच्या (गंधकाशी जोडलेल्या) रूपात साठवत गेलं. तो दगड खणताना आपण ही आयती मेहनत वापरतो.

ही मेहनत केवढी मोलाची, ते जर्मन रसायनतज्ज्ञ फ्रिट्झ हाबर यांच्या दोन प्रयत्नांवरून कळतं. हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया करण्याची त्यांची पद्धत १९१३ पासून कारखान्यात चालू झाली आणि आजही जगाचं नायट्रोजनचं खत त्यावर चालतं. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीची नुकसानभरपाई फेडण्यासाठी त्यांनीच समुद्राच्या पाण्यातून सोनं काढायचं ठरवलं. जहाजांवरून नमुने घेतले, बारकाईनं तपासले; सोनं अंदाजापेक्षा शेकडो पटींनी कमी निघालं आणि नाद सोडावा लागला. रसायनतज्ज्ञ तोच. पण हवेत नायट्रोजन ७८ टक्के आहे आणि समुद्रात सोनं जवळजवळ नाहीच.

आता माझ्या कामातलं सांगतो. भंगार वितळवून पोलाद करणाऱ्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी बरीच वर्षं होतो. प्रत्येक हीटचा (भट्टीतल्या एका खेपेचा) नमुना आला की स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे धातूत काय किती आहे ते मोजणाऱ्या यंत्रावर, मी आधी तांब्याचा आकडा बघायचो. गाड्यांचं भंगार येतं त्यात छोट्या मोटारी आणि वायरी अडकलेल्या असतात, त्यांचं तांबं वितळून लोखंडात मिसळतं. भट्टीत ऑक्सिजन सोडला की सिलिकॉन, मँगनीज जळून स्लॅगमध्ये (वर तरंगणाऱ्या मळीत) जातात. तांबं जात नाही, कारण ऑक्सिजनशी जोडलं जाण्याची त्याची ओढ लोखंडापेक्षा कमी. ते जाळून काढायचं म्हटलं तर आधी सगळं लोखंड जाळावं लागेल. शिवाय असं पोलाद गरम असताना लाटायला घेतलं की पृष्ठभागावरचं लोखंड गंजून निघतं, मागे उरलेलं तांबं वितळून कणांच्या फटींत शिरतं आणि पत्र्याला चिरा पडतात. ०.४ टक्क्यांपर्यंत तांबं सळईला चालून जातं, गाडीच्या पातळ पत्र्याला ०.१ सुद्धा जास्त होतं. मग आकडा वर गेला की उपाय एकच: स्पंज आयर्न (खनिजापासून केलेलं नवं लोखंड) घालून तांब्याचं प्रमाण पातळ करायचं. म्हणजे नवं खनिज खणायचं आणि तांबं आणखी मोठ्या ढिगात पसरवायचं. तुमच्या प्रश्नातलं ‘संपणं’ मी असं रोज बघितलं आहे. एक अणूही कमी झाला नव्हता, आणि ते तांबं तांबं म्हणून परत कधीच मिळणार नव्हतं. ती मोटार वितळवण्याआधी हातानं काढली असती तर पाच मिनिटांचं काम होतं.

अॅल्युमिनियमचा हिशोब वेगळा. तिथे खरा खर्च ऑक्सिजनपासून धातू सोडवण्याचा, त्याला प्रचंड वीज लागते. एकदा सुटलेला धातू पुन्हा वितळवायला त्याच्या जेमतेम ५ टक्के ऊर्जा पुरते. मात्र मिश्रधातूंची सरमिसळ झाली की तिथेही तांब्यासारखीच अडचण.

मला सगळ्यात जास्त काळजी फॉस्फरसची वाटते. नायट्रोजन हवेत परततो, तिथून पुन्हा घेता येतो. फॉस्फरसचं हवेत टिकणारं वायुरूप नाही. फॉस्फेटच्या खडकातून तो खतात येतो, काही मातीत कॅल्शियम, लोह, अॅल्युमिनियमशी जखडला जातो, काही पिकातून आपल्या पोटात येतो, आणि उरलेला नदीमार्गे समुद्राच्या तळाशी जाऊन बसतो. पर्यायी मूलद्रव्यही नाही, कारण डीएनएचा कणाच फॉस्फेटचा आहे. आपल्या शरीरातून बाहेर पडणाऱ्या फॉस्फरसचा निम्म्याहून अधिक भाग मूत्रात असतो, म्हणजे तो तिथे बऱ्यापैकी गोळा झालेला असतो. फ्लश केला की पातळ होतो. सांडपाण्याच्या दाट प्रवाहात मॅग्नेशियमचा क्षार मिसळला तर स्ट्रुव्हाइट या फॉस्फेटच्या क्षाराचे पांढरे स्फटिक तळाशी बसतात, आणि ते सरळ शेतात हळूहळू विरघळणारं खत म्हणून वापरता येतात. काही शुद्धीकरण केंद्रं हे करतात. फॉस्फरस सर्वांत दाट असतो तिथेच धरायचा, एवढंच त्यामागचं रसायन.

खरोखर ‘जाणारा’ अणू हवाच असेल तर हेलियम: तो इतका हलका की वातावरणाच्या वरच्या थरातून थेट अवकाशात निसटतो. बाकीचे जवळजवळ सगळे अणू इथेच आहेत, फक्त आपण ते कुठे कुठे मिसळून ठेवले आहेत.