फवारणीआधी हिशोब मांडा

कीड दिसली की लगेच पंप उचलू नका. आधी शेतात फिरून दर झाडामागे किती किडी आहेत ते मोजा. औषध, मजुरी आणि पाणी मिळून होणारा खर्च वाचणाऱ्या पिकाच्या किमतीपेक्षा कमी असेल, तरच फवारणी परवडते. याच विचारातून १९५९ साली 'आर्थिक नुकसानीची पातळी', म्हणजे ज्या कीडसंख्येला पिकाचे नुकसान फवारणीच्या खर्चाइतके होते, ही संकल्पना मांडली गेली. बाजारभाव पडला की ही पातळी वर जाते, म्हणजे थोडी जास्त कीड सोसता येते. हे नवखे हमखास विसरतात! शिवाय सरसकट मारणाऱ्या औषधाने किडींना खाणारे मित्रकीटकही मरतात आणि मावा, कोळी या किडी पुन्हा उसळतात. तो दुसऱ्या फवारणीचा खर्चही पहिलीच्याच खात्यात लिहा. मादीच्या गंधाने किडी ओढणारे कामगंध सापळे फक्त नर पतंग पकडतात, म्हणून सापळ्यातल्या आकड्यावरून थेट फवारणी ठरवू नका, पानं उलटून बघाच.