इंजिन उघडण्याआधी नोटीस पाठवा

प्रश्न : मी दिवाळे कोळीवाड्यात राहतो. गेल्या महिन्यात होडीच्या टू-स्ट्रोक आउटबोर्ड (मागे बाहेरून लावायच्या) इंजिनाचं पूर्ण काम एका मेकॅनिककडून करून घेतलं. बोरिंग, दोन्ही पिस्टन-रिंगा, गॅस्केट, सगळं नवीन. ४६,००० रुपये यूपीआयने दिले, ८,००० बाकी आहेत. बिल नाही, हिशेब चिठ्ठीवर. आठवड्याभरात वाशीच्या पुलाजवळ इंजिनाची ताकद पडली आणि ते जाम झालं. दुसऱ्या होडीने ओढून आणावं लागलं. मेकॅनिक म्हणतो, ‘तुम्ही ऑइल कमी घातलंत. बाकी पैसे द्या, इंजिन आणून टाका, खोलून बघतो.’ मी भावासोबत स्वतः मासेमारी करतो. हिवाळ्यात फ्लेमिंगो बघायला येणाऱ्यांनाही खाडीत फिरवतो. मला ग्राहक म्हणून तक्रार करता येईल का? भाऊ म्हणतो, सरळ पोलिसांत जा.

उत्तर : तक्रार करता येईल. पण त्याआधी एक गोष्ट पाळा : इंजिन त्या मेकॅनिकच्या ताब्यात देऊ नका. तुमचा खरा पुरावा त्या जाम झालेल्या सिलिंडरच्या आत आहे. ज्याच्यावर दोष यायचा, त्यानेच एकट्याने तो खोलला आणि घासूनपुसून ठेवला, तर पुढे दाखवायला काय उरणार? शिवाय वस्तूवर मेहनत करणाऱ्याला मजुरी मिळेपर्यंत ती अडवून ठेवायचा हक्क भारतीय करार अधिनियमाच्या कलम १७० ने दिला आहे. काम ठरल्याप्रमाणे झालं असेल तरच तो लागू होतो, हे खरं. पण ते भांडण इंजिन दुकानात अडकलेलं असताना करण्यापेक्षा ते आपल्या पडवीत असताना केलेलं बरं.

ग्राहकाच्या खटल्यात सेवेतली त्रुटी सिद्ध करायची जबाबदारी ग्राहकाची असते. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. ‘नुकतंच काम केलं आणि बंद पडलं’ एवढ्यावर भागत नाही. का बंद पडलं, ते दाखवावं लागतं. सुदैवाने टू-स्ट्रोक इंजिनात बहुतेक कारणं आपापली खूण सोडून जातात. ऑइल खरंच कमी पडलं असेल तर पिस्टनला चोहोबाजूंनी ओरखडे दिसतात, क्रँकच्या (पिस्टनने फिरणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंग कोरड्या पडून तापलेल्या असतात आणि त्याचा फटका सहसा दोन्ही सिलिंडरना बसतो. क्रँकच्या सीलमधून हवा शिरत असेल तर पेट्रोलचं प्रमाण घटतं आणि पिस्टन वरून किंवा एक्झॉस्टच्या बाजूने भाजतो. हेड गॅस्केट नीट बसलं नसेल तर खारं पाणी आत येतं, प्लग आणि सिलिंडरवर गंज दिसतो. पाण्याच्या पंपाचा रबरी इम्पेलर गेला असेल तर इंजिन थंडच होत नाही. म्हणून पहिला प्रश्न सरळ आहे. तुमच्या इंजिनात ऑइल पेट्रोलमध्येच मिसळून घालत असाल, तर दोन्ही सिलिंडरना एकाच टाकीतलं मिश्रण जात होतं. मग एकच पिस्टन गेला असेल, तर तो का? (दोन्ही गेले असतील, तर मेकॅनिकच्या म्हणण्यात दम असू शकतो, याचीही तयारी ठेवा.) इंजिन थंड करणाऱ्या पाण्याची धार मागून येत होती का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. ते आणि त्या दिवशी काय काय घडलं, ते आजच कागदावर उतरवा, भावाची सही घ्या.

ऑइलच्या मुद्द्याला दुसरी बाजू आहे. नवे पिस्टन-रिंग टाकल्यावर सुरुवातीचे काही तास ऑइल जास्त घालावं लागतं. अनेक टू-स्ट्रोक आउटबोर्डच्या पुस्तिकांत एरवी ५०:१ (पन्नास भाग पेट्रोलला एक भाग ऑइल) आणि रन-इनच्या, म्हणजे या सुरुवातीच्या काळात २५:१ असं प्रमाण दिलेलं असतं. हे मेकॅनिकने तुम्हाला सांगितलं होतं का? व्हॉट्सअ‍ॅपवर, चिठ्ठीवर, कुठेही? माहीत असून सांगितलं नसेल, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम २(११) मध्ये जाणूनबुजून आवश्यक माहिती न देणं हीदेखील त्रुटीच धरली आहे. बिल न देणं हीही त्याच कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. त्यामुळे बिल नाही म्हणून खचू नका. यूपीआयची नोंद, चिठ्ठी आणि चॅट जपून ठेवा. मूळ फोन बदलू नका.

आता कृती. मेकॅनिकला स्पीड पोस्टने नोटीस पाठवा : अमुक तारखेला, अमुक ठिकाणी तिसऱ्या जाणकारासमोर इंजिन उघडणार आहोत, हजर राहा, न आल्यास तुमच्या गैरहजेरीत उघडलं जाईल. शक्यतो त्या कंपनीचं अधिकृत सर्व्हिस सेंटर किंवा मरीन इंजिनाचा अभियंता घ्या, सलग व्हिडिओ करा, प्रत्येक भागाचे फोटो काढा आणि लेखी अहवाल शपथपत्रासह मागा. तारीख लवकरची ठेवा. तक्रारीला कायद्याने दोन वर्षं दिली आहेत, पण खाऱ्या पाण्याचा गंज तेवढा थांबत नाही. तोवर दोरी ओढून इंजिन फिरवून बघायचा मोह टाळा. त्याने नवे ओरखडे पडतील आणि तेच तुमच्या अंगावर येतील. जुने पिस्टन परत मिळाले होते का, तेही आठवा.

पोलिसांचं म्हणाल, तर वाईट काम म्हणजे फसवणूक नव्हे. पहिल्यापासून लबाडीचा हेतू होता, हे दाखवावं लागतं. इथे तसं काही दिसत नाही.

ग्राहक आयोगात तुम्ही ‘व्यावसायिक’ ठरता का? माझ्या मते नाही. स्वतः राबून, केवळ उपजीविकेसाठी साधन वापरणाऱ्याला कायदा ग्राहकच मानतो, आणि मदतीला एक-दोन माणसं घेतल्याने तो दर्जा जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच सांगितलं आहे. फ्लेमिंगोच्या फेऱ्यांबाबत मात्र जपून. होडीची नोंदणी फक्त मासेमारीची असेल आणि प्रवासी नेण्याची परवानगी नसेल, तर ते उत्पन्न बुडालं म्हणून भरपाई मागू नका. समोरचा वकील तिथेच पकडेल. विचारलं तर लपवूही नका. मासळीचं नुकसान मात्र मागा, मच्छीमार सोसायटीच्या विक्रीच्या पावत्या जोडून. जेवढ्या दिवसांच्या पावत्या, तेवढंच बोला.

राहत्या जागेच्या जिल्ह्यात तक्रार करता येते. तुमच्यासाठी बेलापूरच्या कोकण भवनातला ठाण्याचा अतिरिक्त जिल्हा आयोग सोयीचा. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, तक्रार ऑनलाइनही दाखल होते. मागणी मोजकी ठेवा : दिलेले पैसे, तज्ज्ञाचा खर्च, ओढून आणल्याचा खर्च, मासळीचं बुडालेलं उत्पन्न. मानसिक त्रासाचे लाखभर रुपये लिहायला लोक सुचवतील. मी लिहिणार नाही.

बाकीच्या ८,००० बद्दल नोटिशीतच लिहा की अहवाल आल्यावर, त्यात जे निघेल त्याप्रमाणे हिशेब करू. आणि टाकीत उरलेलं पेट्रोल ओतून देऊ नका. थोडं स्वच्छ धातूच्या डब्यात काढून, दोन पंचांसमोर सील करून, घरापासून दूर सावलीत ठेवा. ‘ऑइल कमी’ होतं की नव्हतं, ते त्यातूनच तपासता येईल.