रोजच्या ड्रायव्हिंगमधून धंद्यातल्या स्पर्धेबद्दल काय शिकता येईल?

या प्रश्नाला बहुतेक जण 'ओव्हरटेक करायला शिका' असंच उत्तर देतील. मला ते पटत नाही. पुढच्याच्या बंपरला चिकटून चालवणं, हे धंदा बुडण्याचं जास्त मोठं कारण आहे.

ताशी ६० च्या वेगात गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. पुढच्याचा ब्रेकलाइट दिसून आपला पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण तेवढा रस्ता गेलेलाच असतो, म्हणून दोन सेकंदांचं अंतर ठेवायचं. पण चिकटून चालवणाऱ्याला रस्ता दिसतच नाही, पुढच्याची डिकी दिसते. तो का थांबला, हे त्याला धडकल्यावर कळतं.

माझा जुना भागीदार गाडीही अशीच चालवायचा आणि धंदाही. आमचं काम पुठ्ठ्याची खोकी बनवायचं. एका स्पर्धकाने अचानक दर पाडले. भागीदार म्हणाला, आजच्या आज आपणही पाडू. मी म्हटलं, आधी बघू तरी त्याला हे परवडतंय कसं. त्यावर "तू बघत बस, गिऱ्हाईक जाईल," हे त्याचं ठरलेलं उत्तर. दर पाडले, वर मोठ्या गिऱ्हाइकांना वर्षभराच्या बोलीवर बांधूनही दिले. पुढे कळलं की त्या माणसाकडे स्वस्ताईत घेतलेला क्राफ्ट पेपर, म्हणजे खोक्यांचा तपकिरी कागद, गोदामात पडून होता. तो संपला, बाजारात कागद महाग झालेला होताच, त्याने निवांत दर वाढवले. आम्ही मात्र महागाचा कागद घेऊन जुन्या बोलीची खोकी पुरवत राहिलो. त्याने ब्रेक दाबला आणि आम्ही आदळलो, एवढं सरळ आहे ते.

यात एकट्याचंच नुकसान होत नाही. २००८ साली जपानी संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. २३० मीटरच्या गोल रस्त्यावर २२ गाड्या सोडल्या आणि सगळ्यांना ताशी ३० च्या आसपास चालवायला सांगितलं. सिग्नल नाही, वळण घेणारा कोणी नाही, तरी थोड्या वेळाने कोंडी झाली आणि ती मागे मागे सरकत राहिली. कुणीतरी जरासा हळू झाला, मागच्याने त्याहून जास्त ब्रेक मारला, त्याच्या मागच्याने त्याहून जास्त. आम्ही दर पाडले त्या वर्षी आमच्या धंद्यातही हेच झालं. एकाने दर थोडे पाडले, दुसऱ्याने जास्त, आणि शेवटच्या दोघांनी तर मशिनं विकली.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर: स्पर्धकाचा दर रोज बघा, पण त्याच्यामागे लगेच धावू नका. आपला कागद, आपली उधारी, आपलं गिऱ्हाईक बघून दर ठरवा.

हो, अंतर ठेवलं की मध्ये कोणीतरी घुसतो. रस्त्यावर घुसतो, धंद्यातही घुसतो. चार-दोन ऑर्डरी जातात. आणि तुमचा सगळा धंदा एकाच गिऱ्हाइकावर चालत असेल तर माझा सल्ला बाजूला ठेवा, तुम्हाला दर जुळवावाच लागेल. शिवाय रस्त्यावर सगळ्यांनी सुखरूप पोचायचं असतं, धंद्यात तसं कोणी मानत नाही, हाही फरक आहेच.

पण भागीदार अजूनही भेटला की सांगतो, "त्या वर्षी सगळ्यात जास्त ऑर्डरी आपल्याकडे होत्या." होत्याच. त्यातल्या किती ऑर्डरींत कागदाचे तरी पैसे सुटले, ते विचारलं की त्याला उशीर होत असतो.