चपलेत खाऊ, गॅलरीत गाजर

नेदरलँड्समधल्या युट्रेख्तहून एका आईचं पत्र आलंय. माहेर ठाण्याचं, कोपरीचं. मुलं दोन, मोठी सात वर्षांची, धाकटा चारचा. ती लिहिते, "मावशी, नोव्हेंबर लागला की आमच्याकडे वाद ठरलेला. शाळेतली सगळी मुलं रात्री बूट मांडून ठेवतात आणि सकाळी त्यात खाऊ सापडतो. आमच्या दोघांनाही बूट ठेवायचाय. सासूबाई सध्या इथेच आहेत. त्या म्हणतात, चपलेत कसला गं खाऊ! नवरा म्हणतो, आत्ता तर दिवाळी झाली, लगेच हे कशाला. नाताळ करावा का? आणि केला तर किती?"

कर गं बाई. किती, ते सांगते.

आधी सासूबाई. त्यांचं काही चुकत नाही. चप्पल उंबऱ्याबाहेर काढायची, हात-पाय धुवायचे आणि मग खाऊच्या डब्याला हात लावायचा, हे ज्यांनी आयुष्यभर पाळलं, त्यांना हे कसं रुचावं? मग बूटच बदल. लोकर आण आणि सासूबाईंनाच दोन जोड विणायला बसव. मुलं लहान होती तेव्हा विणले असतील तसलेच, फक्त जरा मोठे. जमिनीला न टेकलेला बूट, तोही स्वतःच्या हातचा. त्यात खाऊ ठेवायला त्या नाही म्हणाल्या, तर मला पुन्हा लिही.

आता एक घोळ सोडव. तुमच्याकडचा सिंटरक्लास हा नाताळ नव्हे. तो म्हणजे सेंट निकोलस. नोव्हेंबरच्या मध्यावर बोटीतून येतो, पांढऱ्या घोड्यावरून फिरतो, त्या घोड्यासाठी मुलं बुटात गाजर ठेवतात, आणि ५ डिसेंबरच्या संध्याकाळी भेटी वाटून तो परत जातो. नाताळ त्यानंतर वीस दिवसांनी. दोन्हीकडे भेटींचा ढीग लावलात तर नवऱ्याचं म्हणणं खरं ठरेल. भेटी ५ तारखेला दे आणि नाताळ खेळासाठी, खाण्यासाठी ठेव.

या सिंटरक्लासचे मदतनीस मसाल्याची इवलीशी बिस्किटं मुठी-मुठीने उधळतात आणि पोरं जमिनीवर रांगत ती गोळा करतात. मी हे पहिल्यांदा व्हिडिओत पाहिलं तेव्हा तोंडातून निघालं, अगं, हे तर बोरन्हाण! चुरमुरे, बोरं, हलवा, उसाचे करवे डोक्यावरून ओततात आणि जमलेली पोरं झडप घालतात, तेच हे. तुझ्या सासूबाईंना तो व्हिडिओ दाखव. डिसेंबरातली मूठभर बिस्किटं डब्यात जपून ठेव. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत बोरन्हाण करता येतं, आणि पाचाच्या आतलं पोर घरात आहेच. तिकडे बोरं मिळायची मारामार, तर बोरांच्या जागी ही बिस्किटं घाल. शाळेतल्या मित्रांनाही बोलाव. खेळ त्यांना समजावून सांगावा लागणार नाही.

परक्या सणातला आपला खेळ शोधायचा, एवढी एकच युक्ती माझ्याकडे आहे. तो बहुतेक वेळा सापडतोच.

भेटी उघडण्याचंच घे. कागद टराटरा फाडला, खेळणं बाजूला टाकलं, पुढचं काय? भोंडल्यात आपण खिरापत अशी हातात देत नव्हतो. डबा वाजवायचा, गोड का तिखट विचारायचं, ओल्या पदार्थापासून सुरुवात करून करंजीपर्यंत यायचं. तस्संच कर. खोका हलवून दाखव, प्रत्येकाला तीन अंदाज, आजीलाही तीन. माझ्या नातवाने गेल्या वर्षी मोज्यांच्या पुडक्यावर पाव तास घालवला, आणि उघडल्यावर मोजे निघाले तरी हिरमुसला नाही, कारण त्याने ते ओळखले होते.

सांताच्या नावावर मात्र लहानच वस्तू ठेव. सायकल, टॅब्लेट असलं काही घ्यायचंच असेल तर ते आईबाबांकडून. वर्गात मुलं बोलतात. एकाला सांताने सायकल दिली आणि शेजारच्याला रंगीत खडू, तर त्या दुसऱ्याने घरी जाऊन काय विचारायचं?

एल्फ नावाचा तो बाहुला मात्र मला पटत नाही. दिवसभर फळीवर बसून पोरांवर नजर ठेवायची आणि रात्री उत्तर ध्रुवावर जाऊन सांताकडे चहाडी करायची! हा बागुलबुवाच, फक्त टोपी घातलेला. घरात आला असेलच तर त्याची चहाडखोरी बंद करून त्याला नुसता वांड कर. एका सकाळी मिसळणाच्या डब्यात हळदीने माखलेला सापडू दे, एका सकाळी कुकरच्या भांड्यात झोपलेला. आणि नाताळापर्यंत चोवीस रात्री त्याला हलवत बसणं नको गं. दहाव्या रात्री आई विसरते आणि सकाळी सातला पोर किंचाळतं. पाच-सहा रात्री पुरे.

मला सर्वात आवडणारा खेळ घड्याळाचा. अमेरिकेत सांता कुठवर पोचला ते २४ डिसेंबरला लष्कराच्या रडारवाल्यांकडून कळतं. त्याची गोष्ट अशी सांगतात की १९५५ साली कोलोरॅडोत एका दुकानाच्या जाहिरातीत सांताचा म्हणून चुकीचा फोन नंबर छापला गेला, आणि फोन गेला थेट हवाई संरक्षणाच्या मुख्यालयात. तिथल्या कर्नलने पोराला हिरमुसू दिलं नाही. तेव्हापासून दर वर्षी ते सांताचा माग काढतात.

आपल्याकडे त्याहून पक्का साक्षीदार आहे. ठाण्यातली आजी. इथे रात्रीचे बारा वाजतात तेव्हा तुमच्याकडे संध्याकाळचे साडेसात, लंडनला साडेसहा, न्यू जर्सीत दुपारचा दीड. म्हणजे सांता आधी आमच्याकडे येणार! (सिडनीवाल्यांनी उलटं करा. तुमचे बारा वाजतात तेव्हा इथे संध्याकाळचे साडेसहा असतात, नातवंडांनी आजीला बातमी द्यायची.) फोनवर हळू आवाजात सांगायचं, "आत्ता गेला बघ तलावपाळीवरून, गडकरी रंगायतनच्या गच्चीवर क्षणभर टेकला, आता तुमच्याकडे निघालाय, झोपा लवकर." साडेसातला पोरं झोपायला पळतात, यापेक्षा आईला काय हवं?

आमच्या ह्यांनी यात एकदा अतिउत्साह केला. गॅलरीच्या कठड्यावर बशीत गाजर ठेवलं, सांताच्या हरणाने खाल्लं असं दिसावं म्हणून अर्धं चावलं आणि फोटो न्यू जर्सीला पाठवला. नातवाने तो बोटांनी मोठा करून पाहिला. मग म्हणाला, "आजी, या हरणाची कवळी आबांसारखी आहे का? मधे तशीच फट आहे." आता आम्ही गाजर किसणीवर घासतो.

कधीतरी तुझी पोरं विचारणारच, सांता खरा आहे का? चारच्या मुलाला उलट विचार, "तुला काय वाटतं?" तो स्वतःच लांबलचक उत्तर देईल. सातची विचारू लागली असेल तर तिला खरं सांग आणि लगेच कटात सामील करून घे. धाकट्याच्या बुटात खाऊ ठेवायचं काम तिचं. आणि वर्गात कुणाचा खेळ मोडायचा नाही, हे बजाव.

आता खायचं. इथे ठाण्यात, चरईत आमच्या शेजारी ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्याच मूळच्या ख्रिस्ती समाजातल्या, काकू राहायच्या. घरात मराठीच बोलायच्या, फक्त आपल्याला कान देऊन ऐकावं लागेल अशी. या किनारपट्टीवर पोर्तुगीज आले, १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली, पोर्तुगीज गेले आणि नाताळ राहिला. तो शब्दही त्यांचाच. काकूंच्या फराळाच्या ताटात आपली करंजीच असायची, नाव फक्त नेवरी. त्याच ताटात कुलकुल. मुलांना करायला यासारखा पदार्थ नाही.

अर्धा किलो मैदा, दोन चमचे रवा, चार चमचे पिठीसाखर, चिमूटभर मीठ, चार चमचे कडकडीत तुपाचं मोहन. मळायला नारळाचं दूध, ते डब्यातलं चालेल. कुणी अंडं घालतात. सासूबाईंचा मार्गशीर्षातला गुरुवार असेल तर अर्थातच नको, अंड्यावाचून काही अडत नाही. पुरीसारखं घट्ट मळून अर्धा तास झाकून ठेव. मग बोराएवढी गोळी घ्यायची, काट्याच्या पाठीवर अंगठ्याने चपटी करायची आणि एका कडेने गुंडाळत सोडवायची. वर रेघा उमटतात, शिंपल्यासारखी वळकटी होते. काकू काट्याऐवजी कोरा कंगवा घ्यायच्या, नाताळापुरता राखून ठेवलेला. शेवटची कड नीट दाबून बसवा, नाहीतर तेलात गेल्यावर ती उलगडते आणि पट्टी तळली जाते. पोरांच्या निम्म्या उलगडतातच, त्या पहिल्यांदा संपतात. वळणं मुलांकडे, तळणं तुझ्याकडे, मंद आचेवर. वाटलं तर शेवटी साखरेच्या पक्क्या पाकात घोळव.

हे रविवारी आजोळी फोन लावून कर. तुमचे सकाळचे अकरा म्हणजे इथले दुपारचे साडेतीन, चहाची वेळ. दोन्हीकडे परात मांडायची, कुणाचे जास्त वळून होतात बघायचं. पार्सलने पाठवायच्या भानगडीत पडू नका. मी एकदा पाठवले, तिकडे पोचला तो कुलकुलाचा चुरा. सुनेने तो खिरीत घातला, म्हणून वाया गेला नाही.

खिरीवरून आठवलं. डेन्मार्कमध्ये तांदळाच्या गोड भातात एकच अख्खा बदाम लपवतात. ज्याला सापडेल त्याला बक्षीस, आणि त्याने तो सगळ्यांचं खाऊन होईपर्यंत गालात दडवायचा. चार वर्षांच्या पोराला अख्खा बदाम देऊ नकोस, घशात अडकतो. त्यापेक्षा एका वाटीच्या बुडाला बाहेरून टिकली चिकटव. खीर संपेपर्यंत वाटी उलटी करायची नाही, एवढाच नियम. खीर न आवडणारी पोरंही वाटी चाटून पुसून ठेवतात.

पत्राच्या शेवटी तू हळूच विचारलंयस, झाड देव्हाऱ्याशेजारी ठेवलं तर चालेल का, दुसरीकडे जागा नाही. नको. देवाला काही वाटेल म्हणून नव्हे. प्लास्टिकचं झाड, वर कापसाचा बर्फ, आणि हातभर अंतरावर निरांजनाची वात. खिडकीत ठेव, तिथे जागा कर. बुंध्याशी ओल्या कापसावर आळीव पेर, किल्ल्यावर पेरतो तसे. इथे नाताळात येशूजन्माची गव्हाण मांडणाऱ्या घरांत नाचणी पेरतात. आठवड्याभरात हिरवंगार होईल. आणि दिवाळीतले मावळे डब्यात असतील तर तेही उभे करू दे धाकट्याला, सांता आला तर पहाऱ्यावर कुणीतरी हवंच. फोटो मला पाठव.