पहिल्या चाचणीत 7 गुण मिळाले. पुणे सोडू का?

प्रश्न : मी बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातली. बी.ए. मराठी माध्यमातून केलं. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात एम.ए. राज्यशास्त्राला येऊन दोन महिने झाले. लेक्चर इंग्रजीत होतात. पहिल्या चाचणीत 20 पैकी 7 मिळाले. हॉस्टेल मिळालं नाही, कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतल्या एका खाटेचं भाडं देऊन राहते. घरच्यांवर भार पडतोय. परत जाऊ का?

उत्तर : हे सत्र संपेपर्यंत तरी जाऊ नकोस. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नियमानुसार प्रवेशाच्या अंतिम तारखेनंतर 30 दिवस उलटले की शुल्क परत मिळत नाही. गावाकडे मध्येच प्रवेश मिळणंही अवघड, म्हणजे पैसे आणि वर्ष दोन्ही जाईल.

त्या 7 गुणांवरून स्वतःची कुवत ठरवू नकोस. बी.ए.ला शेवटच्या महिन्यात गाइड वाचून पेपर निघतो. इथे विभागात निम्मे गुण अंतर्गत असतात: चाचणी, निबंध, सादरीकरण. शेवटी जोर लावायची सवय इथे घात करते, हुशार मुलांचाही.

उत्तरं मराठीत लिहिलेली चालतात का, हे प्रत्येक पेपरच्या शिक्षकांना याच आठवड्यात विचार. न विचारताच मोडक्या इंग्रजीत लिहून किती मुली हातचे गुण घालवतात! वाचन मात्र इंग्रजीतच करावं लागेल. त्यासाठी आधी तोच विषय मराठी पुस्तकातून समजून घे, मग इंग्रजी प्रकरण हातात घे. त्याचा पहिला आणि शेवटचा भाग आधी वाच, मधला नंतर. प्रत्येक शब्दाला कोश उघडलास तर 20 पानांना आठवडा लागेल आणि धागाही सुटेल. फक्त संकल्पनांची वही कर: सॉव्हरिन्टी म्हणजे सार्वभौमत्व, लेजिटिमसी म्हणजे अधिमान्यता. अशा शंभरेक संज्ञा पक्क्या झाल्या की लेक्चर डोक्यावरून जाणार नाही. निबंध नेटवरून उचलू नकोस, पकडला जातो. दोन पानं स्वतःची लिही आणि मुदतीच्या चार दिवस आधी शिक्षकांना दाखव.

पैशांसाठी विद्यार्थी विकास मंडळाच्या कार्यालयात ‘कमवा व शिका’ योजनेची चौकशी कर. महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरला असशील तर बँक खातं आधारशी जोडलेलं आहे ना, ते बघ. मंजूर झालेली रक्कम बहुतेकदा तिथेच अडकते. हॉस्टेलच्या प्रतीक्षा यादीत नाव आहे का, तेही विचार. मुलं सोडून जातात तशा जागा मधूनच रिकाम्या होतात.

उद्या ती चाचणीची उत्तरपत्रिका घेऊन शिक्षकांकडे जा आणि गुण नेमके कुठे गेले, ते त्यांच्याकडूनच समजून घे.