युद्धच नाही, मग पाणबुडीच्या चित्रपटात पाहायचं काय?

तुमचा प्रश्न असा आहे: १९३७चा 'सबमरीन डी-१' हा हॉलिवूडपट पाहावा का? त्यात लढाई नाही, शत्रू नाही. शांततेच्या काळातल्या नौसैनिकांची गोष्ट आहे. मग थरार येतो कुठून?

जरूर पाहा. पण त्यातल्या प्रेमकथेकडून फार अपेक्षा ठेवू नका. वॉर्नर ब्रदर्सचा हा चित्रपट लॉइड बेकननं दिग्दर्शित केला. पॅट ओब्रायन, जॉर्ज ब्रेंट आणि वेन मॉरिस ही त्यातली मुख्य मंडळी. दोन नौसैनिक आणि एक तरुणी हा त्या काळच्या स्टुडिओंचा ठरलेला साचा इथेही आहे, आणि तो भाग आज शिळा वाटतो. रोनाल्ड रेगनची छोटी भूमिका चित्रित झाली होती, ती संकलनात कापली गेली. 

या चित्रपटाची ताकद आहे पाणबुडीच्या आत. मूळ कथा फ्रँक वीडची. हा माणूस नौदलात वैमानिक होता. १९२६ साली राहत्या घरी जिन्यावरून पडून तो जायबंदी झाला, अंथरुणाला खिळला आणि लिहायला लागला. नौदलातली माणसं आपसात कशी बोलतात, कशावरून चिडतात, कशाला घाबरतात आणि काय उघड बोलत नाहीत, हे त्याला आतून माहीत होतं. त्यात नौदलाचं सहकार्य मिळालेलं असल्यामुळे पडद्यावर दिसणाऱ्या बऱ्याच गोष्टी खऱ्या आहेत.

आता थराराबद्दल. पहिलं महायुद्ध संपल्यापासून अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरेपर्यंत अमेरिकन नौदलानं ज्या पाणबुड्या गमावल्या, त्यातली एकही शत्रूनं बुडवलेली नव्हती. टक्कर झाली, एखादी झडप नीट बसली नाही, पाणी आत आलं, अशा कारणांनी त्या बुडाल्या. पाणबुडीवरच्या माणसाला शांतताकाळ म्हणजे सुरक्षित काळ असं कधीच म्हणता येत नाही. आपल्याकडे वेगळं काय आहे? १४ ऑगस्ट २०१३ला 'आयएनएस सिंधुरक्षक' मुंबईच्या नौदल गोदीत धक्क्याला उभी असताना स्फोट झाले आणि १८ नौसैनिक गेले. तेव्हाही कुठलं युद्ध चालू नव्हतं.

'सबमरीन डी-१' ज्या पार्श्वभूमीवर बनला ती समजायची तर दोन अपघात माहीत हवेत. २५ सप्टेंबर १९२५च्या रात्री 'एस-५१' ही अमेरिकन पाणबुडी एका प्रवासी जहाजाच्या धडकेनं बुडाली. ३३ जण गेले, तिघे वाचले. दुसरा अपघात याहून जिव्हारी लागणारा. १७ डिसेंबर १९२७ला अमेरिकेच्या किनाऱ्यावर केप कॉडजवळ 'एस-४' पाण्यातून वर येत होती, नेमकी त्याच वेळी वरून जाणारी तटरक्षक दलाची 'पॉल्डिंग' ही विनाशिका तिच्यावर आदळली. पाणबुडी जेमतेम शंभरेक फुटांवर तळाला टेकली. दुसऱ्या दिवशी एक पाणबुड्या, म्हणजे गोताखोर, खाली उतरला, त्यानं हातोडीनं बाहेरून पत्र्यावर ठोकलं, आणि पुढच्या टॉर्पेडोच्या खोलीतून सहा ठोके परत आले. सहा माणसं जिवंत होती.

त्यानंतर हवामान बिघडलं. वादळामुळे गोताखोरांना उतरता येईना, हवेची नळी वेळेत जोडता येईना. आतली माणसं मोर्सच्या सांकेतिक लिपीत ठोकून विचारत होती, काही आशा आहे का? अमेरिकेतली वर्तमानपत्रं हे रोज छापत होती, सारा देश ते वाचत होता. किनारा जवळ, जहाजं डोक्यावर उभी, आणि मधल्या शंभर फूट पाण्यापुढे कुणाचं काही चालत नव्हतं. शेवटी ठोके थांबले. चाळीसच्या चाळीस माणसं गेली.

मी या विषयावरचे जुने चित्रपट क्रमानं पाहिले तेव्हा मला एक गोष्ट फार लक्षणीय वाटली. या चित्रपटांचे शेवट लेखकांच्या कल्पनेपेक्षा त्या त्या वेळी नौदलाकडे सुटकेचं कोणतं साधन होतं, यावर ठरले आहेत.

१९२८चा फ्रँक काप्राचा 'सबमरीन' घ्या. 'एस-४'ला अजून वर्षही झालेलं नव्हतं. त्यात जॅक होल्ट आणि राल्फ ग्रेव्हज हे जिवलग मित्र एका बाईपायी वैरी होतात. मग एक मित्र बुडालेल्या पाणबुडीत अडकतो, आणि तेवढ्या खोलीवर उतरू शकणारा एकच पाणबुड्या असतो, तो म्हणजे दुसरा मित्र. तो आधी जायला नकार देतो. शेवटी हवेची नळी घेऊन खाली जातो. केप कॉडला जे जमलं नाही ते काप्रानं पडद्यावर जमवलं. त्या प्रेक्षकांना त्या नळीचा अर्थ समजावून सांगावा लागला नसेल.

१९३०चा जॉन फोर्डचा 'मेन विदाउट विमेन' याहून कठोर आहे. चीनजवळच्या समुद्रात एक अमेरिकन पाणबुडी बुडते आणि चौदा माणसं टॉर्पेडोच्या खोलीत कोंडली जातात. हवा संपत येते. सुटायला वाट एकच: टॉर्पेडो सोडायच्या नळीतून एकेकानं बाहेर पडायचं. पण ती यंत्रणा आतून चालवायला कुणीतरी मागं राहायलाच हवं. शेवटचा माणूस वर येऊ शकत नाही. एवढ्या एका यांत्रिक अडचणीवर फोर्डनं चित्रपट उभा केला आहे. मागं कोण राहतो आणि का, ते मी सांगत नाही, स्वतः पाहा. या चित्रपटाची पूर्ण बोलपट आवृत्ती आज मिळत नाही. जी टिकली आहे तिच्यात मजकुराच्या पाट्या येतात. मला त्यानं काही बिघडलं असं वाटत नाही. कोंडलेल्या माणसांची गोष्ट शांततेत जास्त अंगावर येते.

आणि मग येतो १९३७. मधल्या काळात काय झालं, तर चार्ल्स मॉमसेन नावाचा एक अधिकारी हट्टाला पेटला. 'एस-५१' बुडाली तेव्हा तो 'एस-१'चा कप्तान होता आणि शोधासाठी तिथे गेला होता. खाली आपली माणसं आहेत आणि आपल्याकडे त्यांच्यासाठी काहीच नाही, हे त्यानं स्वतः पाहिलं. घंटेच्या आकाराचं यान पाणबुडीच्या हॅचवर, म्हणजे आत-बाहेर करायच्या झाकणाच्या दारावर, नेऊन बसवायचं आणि माणसं वर आणायची, असा प्रस्ताव त्यानं पाठवला. तो बाजूला पडून राहिला. 'एस-४'नंतर मात्र लोकांचा क्षोभ इतका होता की प्रयोगांना वाट मिळाली.

मॉमसेननं आधी श्वसनाची पिशवी तयार केली. 'मॉमसेन लंग' म्हणतात ती हीच. छातीवर बांधायची रबरी पिशवी, तोंडात धरायची नळी, नाकाला चिमटा, आणि आत सोडा लाइम. सोडलेल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड ते शोषून घेतं आणि पिशवीतला प्राणवायू पुन्हा वापरता येतो. हे तोंडाला लावून हॅचमधून बाहेर पडायचं आणि वरपर्यंत गेलेल्या दोराला धरून थांबत थांबत वर यायचं. घाई केली तर जिवावर बेततं. चाचण्यांत मॉमसेन स्वतः उतरत असे. आणि या चाचण्या कशावर झाल्या? वर काढून दुरुस्त केलेल्या 'एस-४'वर. जिच्यात चाळीस माणसं गेली ती पाणबुडी मुद्दाम पुन्हा तळाशी नेऊन तिच्यातून माणसं जिवंत बाहेर काढून दाखवली. हे वाचल्यावर मी बराच वेळ पुढचं पान उलटलं नव्हतं.

घंटेची कल्पना पुढे ॲलन मॅकॅननं पूर्णत्वाला नेली, म्हणून त्या रेस्क्यू चेंबरला त्याचं नाव आहे. या चेंबरचं काम समजून घेतलंत तर चित्रपट पाहताना मजा दुप्पट होईल. पोलादी चेंबरचे दोन मजले असतात. खालचा मजला तळाला उघडा. पाणबुड्या आधी उतरून पाणबुडीच्या हॅचला तार अडकवतो. चेंबर स्वतःतल्या रहाटावर ती तार गुंडाळत गुंडाळत स्वतःला खाली ओढून नेतं आणि हॅचभोवतीच्या सपाट कड्यावर बसतं. मधे रबराची गादी असते. मग खालच्या मजल्यातलं पाणी काढून टाकतात आणि तिथला दाब वरच्या हवेइतका करतात. आता बाहेरचा समुद्रच चेंबरला पाणबुडीवर घट्ट दाबून धरतो. इतका वेळ ज्या पाण्यानं माणसांना कोंडलं, त्याच पाण्याच्या दाबावर सुटकेचं दार उघडतं. मला या कल्पनेचं अजूनही अप्रूप आहे.

'सबमरीन डी-१'च्या शेवटाकडे पाणबुडी तळाशी जाते आणि सुटकेची साधनं कामाला लागतात. तिथे नायकाच्या शौर्यापेक्षा पद्धतशीर काम महत्त्वाचं ठरतं. कुणी ओरडत नाही, कुणी छाती पुढे काढत नाही. एकामागून एक करायची कामं असतात, ती माणसं करतात. काही समीक्षकांना असला भाग माहितीपटासारखा कोरडा वाटतो. मला मात्र तोच सर्वांत उत्कट वाटतो. दहा वर्षांपूर्वी सहा ठोके ऐकून हतबल झालेल्या लोकांपुढे हा चित्रपट आला होता हे विसरू नका.

तोवर ही साधनं सरावातच वापरली गेली होती. बुडालेल्या पाणबुडीतून चेंबरनं एकही माणूस वर आणलेला नव्हता. ती वेळ चित्रपटानंतर दीड वर्षानं आली. २३ मे १९३९च्या सकाळी पोर्ट्समथजवळ 'स्क्वॉलस' ही कोरी करकरीत पाणबुडी चाचणीसाठी बुडी घेत होती. इंजिनांना हवा पुरवणारी मुख्य झडप उघडी राहिली, आणि आतले दिवे मात्र सगळं बंद असल्याचं दाखवत होते. मागचे कप्पे भरले. लॉइड मॅनेस नावाच्या नौसैनिकानं मधलं जड दार धरून ठेवलं, पळत येणाऱ्यांना अलीकडे घेतलं आणि पाणी उंबऱ्यावरून येऊ लागल्यावर ते लावून टाकलं. २६ जण पलीकडे राहिले. ३३ जण २४० फुटांवर, थंडीत, अंधारात थांबले. कप्तान ऑलिव्हर नाकिननं त्यांना हालचाल करू नका, बोलू नका, हवा वाचवा असं बजावलं. श्वसनाच्या पिशव्या हाताशी होत्या, पण इतक्या खोलीवरून आणि थंड पाण्यातून जाण्यापेक्षा चेंबरची वाट पाहणं शहाणपणाचं होतं.

मॉमसेन वॉशिंग्टनहून विमानानं पोचला. 'फाल्कन' जहाजावरून चेंबर सोडलं. पहिल्या खेपेला सात माणसं वर आली, पुढच्या दोन खेपांना नऊ-नऊ. चौथ्या खेपेला आठ जण आत असताना तार अडकली, मग तिचे पेड तुटायला लागले. शेवटी जहाजावरच्या माणसांनी मध्यरात्रीनंतर ते चेंबर हातांनी ओढून वर घेतलं. ३३च्या ३३ जिवंत. त्यानंतर आठवड्याभरानं, १ जूनला, लिव्हरपूलजवळ ब्रिटिशांची 'थेटिस' बुडाली. तिचं शेपूट काही काळ पाण्याबाहेर दिसत होतं, तरी ९९ माणसं गेली आणि चौघेच वाचले. दोन्ही घटना शेजारी ठेवल्या की तयारी असण्या-नसण्याचा फरक कळतो.

तुम्ही विचारलं नाही, तरी आपल्या नौदलाबद्दल दोन ओळी. खोल पाण्यात पाणबुडीच्या हॅचला जाऊन चिकटणारी बचाव-यानं भारताकडे २०१८ पासून आहेत. ऑक्टोबर २०१८मध्ये मुंबईपासून दूर समुद्रात तीनशे फुटांहून खाली तळाला टेकवलेल्या पाणबुडीवर त्यांतलं एक यान बसवून चाचणी झाली. एक संच मुंबईत, दुसरा विशाखापट्टणमला असतो. हॅचवर बसायचं, मधलं पाणी काढायचं आणि समुद्राच्या दाबानं घट्ट चिकटून राहायचं, हे तत्त्व आजही तेच आहे.

पाहण्याचा क्रम विचाराल तर आधी फोर्डचा, मग 'सबमरीन डी-१'. काप्राचा वेळ असेल तर. 'डी-१'चा पहिला अर्धा भाग रेंगाळतो, पण तो ओलांडू नका, कारण शेवटी कोंडली जाणारी माणसं आधी ओळखीची व्हायला हवीत. त्यानंतर आवड लागली तर १९७८चा 'ग्रे लेडी डाउन' पाहा. चार्लटन हेस्टन त्यात अणुपाणबुडीचा कप्तान आहे, मालवाहू जहाजाची धडक बसून पाणबुडी कड्यावर अडकते, आणि मदतीला येतं ते अमेरिकन नौदलानं १९६३च्या 'थ्रेशर' या पाणबुडीच्या दुर्घटनेनंतर विकसित केलेलं बचाव-यान. त्यातही शत्रू नाही.