काट्यापाशी एक दिवस

बेटा,

तुझं पत्र मिळालं. तुझ्या टीममधली पोरं हुशार आहेत, पण तिकीट, म्हणजे कामाची चिठ्ठी, आलं की कोड लिहितात, बंद करतात, आपण काय बनवतो याच्याशी त्यांना घेणंदेणं नाही, असं तू लिहितेस. मला त्यांचा दोष कमी दिसतो. कापसाची गाडी काट्यावर चढताना त्यांनी पाहिलीच नाही, तर जीव लावतील कशात?

माझंच सांगतो. 2024-25 च्या हंगामात एका खरेदी प्रणालीतला ओलाव्याचा रकाना मी लिहिला. रकान्यात टिंबच नको, दशांश आला की पुढचा पूर्णांक भरायला लावा, असं तिकिटात होतं. मी का म्हणून विचारलं नाही. टेस्ट सगळ्या पास. मग यवतमाळकडच्या एका जिनिंगवर गेलो. ग्रेडरने गाडीतल्या कापसात मीटरची दांडी खुपसली, 8.6 आले. पडद्यावर 9. शेतकरी पावती उलटसुलट बघत म्हणाला, "साहेब, मीटर तं आठ पॉइंट सहा दाखवते, मंग नऊ कोठून आले?"

हमीभावाच्या खरेदीत 8 टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण दर, पुढे टक्क्यामागे टक्का कपात, 12 च्या वर खरेदी नाही. लांब धाग्याला तेव्हा 7,521 रुपये क्विंटल. 8.6 चे 9 धरल्याने 0.4 टक्के जास्त कापले गेले, त्याचे क्विंटलमागे झाले 30 रुपये, 20 क्विंटलच्या गाडीला 600. वेचणाऱ्या बाईची दिवसभराची मजुरी माझ्या एका ओळीने खाल्ली होती. त्या रात्री दुरुस्ती करायला मला कुणी तिकीट दिलं नाही.

नंतर कळलं, ऑपरेटरच्या हातून टिंब सुटायचं आणि 8.6 चे 86 व्हायचे, म्हणून कुणीतरी तो उपाय काढला होता. ही अडचण आधी कळती तर 12 च्या वरच्या आकड्याला पडद्यावरच पुन्हा विचारलं असतं. म्हणून तिकिटात उपाय लिहू नकोस. कुणाला, कुठे, काय नडतं तेवढं लिही आणि तोडगा पोरांना काढू दे. आठवड्यातून तासभर एकेकाला तक्रारींच्या फोनवरही बसव, नुसतं ऐकायचं.

भाषण मात्र देऊ नकोस, त्याने कुणाला आच लागत नाही.

दिवाळीनंतर पहिल्या वेच्याचा कापूस येतो. त्यात ओल जास्त, मीटरवरून वादही तेव्हाच होतात. दोघादोघांना तेव्हा घेऊन ये. सकाळी सातच्या आत पोचा, रांग लागलेली असते. लॅपटॉप घरीच ठेवा. जेवण माझ्याकडे.

तुझा काका